मातीसचा ‘हिरवा पट्टा’ : नाकावर हा रंग काय करतो?

पडद्यावर दिसतंय ते आंरी मातीसचं १९०५ सालचं चित्र. नाव ‘मादाम मातीस’, म्हणजे त्याची बायको आमेली. पण लोक त्याला ‘हिरवा पट्टा’ म्हणूनच ओळखतात. मूळ चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे, आणि उंची जेमतेम ४० सेंटिमीटर. इथे दिसतंय तेवढं भव्य ते नाही.

पहिला प्रश्न ठरलेला: नाकावर हिरवा रंग का? उत्तरंही ठरलेली. बाई आजारी असेल, नवऱ्याशी पटत नसेल. ही घाई मला धोक्याची वाटते. रंगाचा असा ‘अर्थ’ एकदा लावला की आपण चित्र बघायचंच थांबतो.

त्यापेक्षा एक करा. अंगठा डोळ्यासमोर धरून तो पट्टा झाका. काय झालं? चेहऱ्याचे दोन सुटे तुकडे झाले. डावीकडे पिवळट गाल, उजवीकडे गुलाबी, मध्ये सांधा नाही. आता अंगठा काढा, नाक पुढे येतं. म्हणजे पट्टा सावलीचं काम करतोय. जुन्या पद्धतीच्या चित्रकाराने इथे तपकिरी छटा हळूहळू गडद करत नेली असती. मातीस त्या भानगडीत पडत नाही. उजेड-सावलीची हद्द तो एका रंगाने सरळ आखून टाकतो.

पण हिरवाच का? गुलाबी गालामागची पार्श्वभूमी बघा, तीही हिरवी. लाल आणि हिरवा हे परस्परविरोधी रंग. शेजारी ठेवले की दोघेही जास्त भडक दिसतात. पिवळट गालामागे वर जांभळट रंग आहे, तीही तशीच जोडी.

मग यात आमेली कुठे आहे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. ती टोप्या बनवायची, तिचं स्वतःचं दुकान होतं. त्याच वर्षी तिचं ‘टोपी घातलेली स्त्री’ हे चित्र पॅरिसच्या शरद-प्रदर्शनात लागलं, त्याची टिंगल झाली, आणि वोसेल नावाच्या समीक्षकाने या मंडळींना ‘हिंस्र श्वापदं’ म्हटलं. तिथे निदान टोपीचा थाट होता. इथे तोही नाही. नाकीडोळी नीटस दाखवण्याची हौस तर मुळीच नाही. जाड काळ्याभोर भुवया, वर बांधलेले निळसर काळे केस, आणि आपल्याकडे रोखलेली नजर. ही बाई कुणाला खूश करायला बसलेली नाही, आणि हे मला तरी रंगांइतकंच त्या भुवयांमधून कळतं.