आधी इस्पितळ, मग चौकशी

अत्याचार झालेली मुलगी किंवा बाई घरी येते, तेव्हा घरची माणसे प्रथम काय करतात? दार लावून घेतात, तिला न्हाऊ घालतात आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून उजाडण्याची वाट पाहतात. काही जण थेट आमच्याकडे, फादरकडे येतात. आम्ही एवढेच सांगतो की सल्ला मागाहून. आधी १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने तिला इस्पितळात न्या.

कारण जखम नेहमी डोळ्यांना दिसत नाही. गळा दाबला असेल तर पुष्कळदा बाहेर वळही उठत नाही, पण आत सूज चढत जाते. आवाज बसणे, गिळताना दुखणे, दम लागणे, डोळ्यांत लाल ठिपके, किंवा त्या वेळी क्षणभर शुद्ध हरपणे, यांपैकी एक जरी असले तरी ‘आता बरी आहे’ म्हणून घरी ठेवू नये. धोका दुसऱ्या दिवशीही उद्भवतो. डोक्याला मार किंवा पोटात वाढती कळ असेल तरी हेच.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दहा मिनिटे, मध्ये उचलून न पाहता, घट्ट दाबावी. गुप्तांगातून रक्त येत असल्यास कापड बाहेरूनच लावावे. आत काहीही कोंबू नये. हळद, चुना नको. टाके घालण्यासाठी भूल द्यावी लागेल, म्हणून खायला देऊ नये.

न्हाल्याने पुरावा जातो हे खरे, पण आंघोळ झाली असली तरी जाणे चुकवू नये. इस्पितळात गरजेप्रमाणे धनुर्वाताची सुई देतात. एच.आय.व्ही. टाळण्याच्या गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या बऱ्या, सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. गर्भ राहू नये यासाठीचे औषधही डॉक्टर त्याच वेळी देऊ करतात.

खर्चाची भीती नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक इस्पितळाने अशा रुग्णावर ताबडतोब व मोफत उपचार केलेच पाहिजेत. नाकारणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. इस्पितळ पोलिसांना कळवते, पण ‘आधी तक्रार आणा’ असे म्हणू शकत नाही. तपासणी तिच्या संमतीनेच होते, लहान मुलांच्या बाबतीत पालकांच्या. दोन बोटांची ती लाजिरवाणी चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली गैर ठरवली आणि २०२२ साली ती करणाऱ्यांना पुन्हा बजावले.

तिच्या पसंतीचे एक माणूस बरोबर जाऊ द्यावे. त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत न्यावेत, प्लास्टिकच्या नव्हे. आणि एक जादा जोड घ्यावा, कारण अंगावरचे कपडे तिथे ठेवून घेतात.