'आपला' संघ, 'आमचा' संघ : एका शहराने लावलेल्या बोलीची गोष्ट

विषय वाचून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. ज्यांनी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं त्यांना अमेरिकेतल्या बेसबॉलशी काय देणंघेणं? खेळाचे नियम आम्ही आज सांगणार नाही. आम्हाला रस आहे तो एका साध्या वाक्यात: "आपल्या शहराला संघ हवा आहे." व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष वाक्य. पण ते उच्चारल्यानंतर जमीन रिकामी केली जाते, कर्ज काढलं जातं, तीस-तीस वर्षांचे करार होतात. तेव्हा या वाक्यातलं 'आपलं' म्हणजे नेमकं कोण, एवढाच आजचा प्रश्न.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण ती आपल्या सवयीपेक्षा वेगळी आहे. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. खालच्या स्पर्धेत जिंकत जिंकत वरच्या स्पर्धेत यायचं, अशी सोय तिथं नाही. संघ खासगी मालकांचे, आणि नवा संघ काढायचा की नाही, कुठला संघ कुठल्या शहरात न्यायचा, हे ठरवणार हेच मालक. म्हणजे दुकानदारांनीच ठरवायचं की गावात दुकानं किती! एरवी अमेरिकेत अशा संगनमताला मक्तेदारीविरोधी कायदा आडवा येतो. पण १९२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापारच नव्हे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स, म्हणजे कोणी सामान्य माणूस नव्हे. पुढं १९५३ आणि १९७२ मध्ये हा प्रश्न पुन्हा न्यायालयासमोर आला. सवलत विसंगत आहे हे १९७२ मध्ये न्यायालयानंच मान्य केलं, तरी ती काढली नाही. बदल करायचा तर संसदेनं करावा, असं म्हटलं.

याचा परिणाम काय झाला? संघ ३०, आणि संघ हवा असलेली शहरं नेहमी त्याहून जास्त. ही टंचाई निसर्गानं आणलेली नाही, ती राखलेली आहे. रांगेत एखादं तरी शहर ताटकळत उभं असणं लीगच्या सोयीचं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता फ्लोरिडात जाऊ. टँपा उपसागराच्या एका काठावर टँपा हे शहर, आणि पलीकडं द्वीपकल्पावर सेंट पीटर्सबर्ग. ऐंशीच्या दशकात जेमतेम अडीच लाखांच्या आतबाहेर वस्ती. निवृत्त माणसांचं, उबेला येऊन राहणाऱ्यांचं शहर अशी त्याची ख्याती. या शहरानं ठरवलं की आपण मोठं शहर व्हायचं, आणि मोठं शहर म्हणजे ज्याला मेजर लीगचा संघ आहे ते. १९८६ मध्ये त्यांनी झाकलेल्या छताचं स्टेडियम बांधायला घेतलं. खर्च सुमारे १३ कोटी डॉलर, सार्वजनिक पैशातून. मार्च १९९० मध्ये 'फ्लोरिडा सनकोस्ट डोम' उघडला. संघ? संघ नव्हता. मांडव घातला, सनई-चौघडा लावला, आणि नवरदेवाचा पत्ता नाही. पुढची आठ वर्षं तिथं गाण्याचे कार्यक्रम झाले, आइस हॉकी झाली, पण ज्यासाठी तो बांधला तो मेजर लीगचा संघ आला नाही.

पण तो मांडव निरुपयोगी होता असं म्हणू नका. फार उपयोगी होता, फक्त दुसऱ्यांना.

पहिला उपयोग झाला शिकागोच्या 'व्हाइट सॉक्स' संघाच्या मालकांना. त्यांना नवं स्टेडियम हवं होतं, तेही इलिनॉय राज्याच्या पैशानं. नाहीतर आम्ही फ्लोरिडाला चाललो, हे सांगायला आता बोट दाखवता येईल अशी इमारत उभी राहत होती. ३० जून १९८८ ही विधिमंडळाची मुदत. मध्यरात्रीनंतर ठराव तत्काळ लागू करायचा तर तीन-पंचमांश मतं लागणार. राज्यपाल जेम्स थॉम्पसन स्वतः सभागृहात फिरून मतं गोळा करत होते. मतदान पुरं होईपर्यंत मध्यरात्र काही मिनिटांनी उलटली होती, पण अधिकृत नोंदीत मात्र ठराव बारा वाजायच्या आत संमत झाला. काळ हे वस्तुनिष्ठ तत्त्व आहे की व्यवहारापुरती रचना, यावर आम्ही कितीतरी तास शिकवले. इतकं सोपं उदाहरण तेव्हा हाताशी नव्हतं. इकडं सेंट पीटर्सबर्गमध्ये 'फ्लोरिडा व्हाइट सॉक्स' लिहिलेले टी-शर्ट विकायला आले होते. संघ शिकागोतच राहिला आणि १९९१ मध्ये नव्या स्टेडियममध्ये खेळू लागला.

नंतर 'सिअ‍ॅटल मरिनर्स' येणार अशी हवा झाली. १९९२ मध्ये निन्टेंडोच्या हिरोशी यामाउची यांच्या पैशानं तो संघ सिअ‍ॅटलमध्येच राहिला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को 'जायंट्स'च्या मालकानं ११.५ कोटी डॉलरला संघ टँपा बेच्या गटाला विकायचं मान्य केलं. नोव्हेंबरमध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी ९ विरुद्ध ४ मतांनी स्थलांतर नाकारलं, आणि संघ १० कोटींना, म्हणजे कमी किमतीला, सॅन फ्रान्सिस्कोतल्याच गटाकडं गेला. जास्त बोली लावणारा हरला. लिलावाचा अर्थशास्त्रातला नियम इथं लागू नाही, कारण हा लिलाव नव्हताच. मधल्या काळात, १९९१ मध्ये, दोन नवे संघ जाहीर झाले. ते मिळाले डेन्व्हर आणि मायामीला. मायामी म्हणजे त्याच फ्लोरिडातलं शहर, हे दुःख वेगळंच.

असं हे एकाच शहराचं नशीब नव्हतं. मिलवॉकीनं सार्वजनिक पैशानं स्टेडियम बांधून १९५३ मध्ये बॉस्टनचा 'ब्रेव्ह्ज' संघ मिळवला, आणि १९६६ मध्ये तोच संघ अटलांटानं बांधलेल्या स्टेडियमकडं निघून गेला. विस्कॉन्सिन राज्य न्यायालयात गेलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ३ मतांनी हरलं. आणि मग १९७० मध्ये त्याच मिलवॉकीनं सिअ‍ॅटलचा दिवाळखोरीत गेलेला एक वर्षाचा संघ उचलून आणला. लुटलेल्यानं पुढच्याला लुटायचं, अशी ही साखळी. सिअ‍ॅटलनंही दावा लावला, नवा संघ मिळवला, 'किंगडोम' नावाचं स्टेडियम वापरलं. २००० साली ते स्फोटानं पाडलं. त्याच्यावरचं कर्ज फिटलं २०१५ मध्ये! पंधरा वर्षं लोक नसलेल्या इमारतीचे हप्ते भरत होते.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. इंग्रजीत 'वी' हा एकच शब्द. मराठीत मात्र बोलणाऱ्याला निवड करावी लागते: 'आपण' म्हटलं तर ऐकणाराही त्यात येतो, 'आम्ही' म्हटलं तर तो बाहेर राहतो. "आपण जेवायला जाऊ" आणि "आम्ही जेवायला जाऊ" यांतला फरक घरी आलेल्या पाहुण्याला विचारा! सेंट पीटर्सबर्गचे नेते जे बोलत होते ते मराठीत आणायचं तर कोणता शब्द वापरायचा? आमच्या मते गोष्टीची सगळी गोम इथं आहे.

कारण तो डोम मोकळ्या माळावर उभा राहिला नाही. तिथं 'गॅस प्लांट' नावाची वस्ती होती. गॅस साठवण्याच्या दोन मोठ्या टाक्यांवरून हे नाव पडलं. वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना जिथं राहू दिलं जाई त्यांपैकी ही एक. घरं, दुकानं, चर्च, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. आधी महामार्गानं तिचा लचका तोडला. मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शहरानं 'पुनर्विकास' जाहीर केला: जुनी घरं जातील, चांगली घरं येतील, उद्योग येतील, नोकऱ्या येतील. शेकडो कुटुंबं उठली. नंतर आराखडा बदलला आणि त्या जागेवर आलं स्टेडियम. ८६ एकरांपैकी कितीतरी जागा नुसती वाहनतळाची.

इथं एक आक्षेप निघतो आणि तो हलका नाही. नगर परिषद लोकांनीच निवडलेली होती. तिनं ठराव केला म्हणजे शहरानं ठराव केला, त्यात गैर काय? खरं आहे, प्रतिनिधीला 'आपण' म्हणायचा अधिकार असतो. पण आम्ही म्हणू की वचनाच्या बाबतीत हे पुरेसं नाही. वचन हे कोणाला तरी दिलेलं असतं. घरं आणि नोकऱ्या यांचं वचन गॅस प्लांटच्या रहिवाशांना दिलेलं होतं. त्यांनी त्याच्या भरवशावर उंबरठा सोडला. ते बदलायची मुभा फक्त त्यांना होती. वचन देणाऱ्यानं स्वतःच, बहुमतानं का होईना, स्वतःला वचनातून मोकळं करून घेणं याला आपण व्यवहारात काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. आणि गंमत बघा, शिकागोत व्हाइट सॉक्सला ठेवण्यासाठी जे नवं स्टेडियम झालं, त्यासाठीही साउथ आर्मर स्क्वेअरमधली, बहुतांश कृष्णवर्णीयांचीच, घरं हटवली गेली. दोन शहरांची चढाओढ, आणि दोन्हीकडं उठणारी माणसं एकाच प्रकारची.

दुसरा आक्षेप असा की संघामुळं शहराची भरभराट होते, मग सगळ्यांचंच भलं. याबद्दल अर्थशास्त्रज्ञांमध्ये आश्चर्य वाटावं इतकं एकमत आहे, आणि ते उलट बाजूनं आहे. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या अभ्यासांपासून हेच पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे: स्टेडियमवर ओतलेला सार्वजनिक पैसा स्थानिक उत्पन्नातून परत येत नाही. कारण सोपं आहे. घरातलं मनोरंजनाचं पाकीट एकच असतं. सामन्याला गेलेलं कुटुंब त्या दिवशी सिनेमाला किंवा हॉटेलात जात नाही. पैसा नवा येत नाही, फक्त खिसा बदलतो. वर्षात घरचे सामने ८१. उरलेले दिवस वाहनतळ ऊन खात पडलेला.

आनंदाचं मोल मात्र आम्ही नाकारणार नाही. अखेर १९९५ मध्ये टँपा बेला नवा संघ मंजूर झाला, प्रवेशशुल्क १३ कोटी डॉलर. ३१ मार्च १९९८ रोजी 'डेव्हिल रेज' पहिला सामना खेळले आणि डेट्रॉइटकडून ११-६ असे हरले; लोकांना त्याचंही अप्रूप. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, नावातला 'डेव्हिल' काढून टाकलेला हाच संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला. अनोळखी माणसं त्या दिवसांत एकमेकांशी बोलली असतील, हे काही खोटं नाही. ताळेबंदात हे मावत नाही म्हणून ते नाहीच, असं म्हणणं उथळपणाचं होईल. फक्त आनंद कोणाचा आणि भाडं कोणाचं, हे दोन रकाने वेगळे ठेवावेत.

आपल्याकडं याची आठवण व्हावी असा एक प्रसंग आहे. मार्च २०१० मध्ये आयपीएलच्या दोन नव्या संघांचा लिलाव झाला, त्यात सहारा समूहानं पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरला घेतला. तिथं बोली शहरानं नव्हे, कंपनीनं लावली. शहराचं फक्त नाव होतं. २०१३ नंतर तो संघ उरला नाही. पुणेकरांच्या बोलण्यात मात्र "आपला संघ" होता. मालकी कंपनीची, सर्वनाम लोकांचं.

संघ आला म्हणून सेंट पीटर्सबर्गची चिंता संपली नाही. प्रेक्षक कमी, बरेचसे खाडीपलीकडं टँपात, मधे पूल आणि वाहनांची गर्दी. मालकांनी नव्या स्टेडियमची मागणी लावून धरली. एकदा तर योजना अशी निघाली की संघानं निम्मा हंगाम इथं खेळावा आणि निम्मा कॅनडातल्या माँट्रिऑलमध्ये, जिथला संघ २००४ नंतर वॉशिंग्टनला गेला होता. जानेवारी २०२२ मध्ये लीगनं ती फेटाळली. पण बघा: ज्या शहराचा रिकामा डोम दाखवून इतरांना घाबरवलं जात होतं, त्यालाच आता दुसऱ्या शहराचं नाव सांगितलं जात होतं. मघाशी म्हटलेली रांग ती हीच.

जुलै २०२४ मध्ये शहर आणि काउंटी यांनी सुमारे १३० कोटी डॉलरच्या नव्या स्टेडियमला संमती दिली. त्याच जागेच्या मोठ्या विकासात परवडणारी घरं होती, आणि नाव दिलं होतं 'हिस्टॉरिक गॅस प्लांट डिस्ट्रिक्ट'. चाळीसेक वर्षांनी जुन्या वचनाची निदान आठवण तरी. ऑक्टोबरात मिल्टन चक्रीवादळ आलं, डोमच्या छताच्या चिंध्या झाल्या. २०२५ चा हंगाम संघ टँपातल्या एका सराव-मैदानावर खेळला, जेमतेम अकरा हजार आसनांच्या. मार्च २०२५ मध्ये मालकांनी नव्या स्टेडियमच्या करारातून माघार घेतली, आणि त्याच वर्षी संघ विकला. बातम्यांत आलेली किंमत सुमारे १७० कोटी डॉलर. १३ कोटींचं प्रवेशशुल्क आठवा. छताची दुरुस्ती मात्र जुन्या करारानुसार शहराच्या माथी आली, आणि नवे मालक नव्या स्टेडियमसाठी पाहू लागले ते खाडीपलीकडं, टँपाकडं.