बोरूचे वळण आणि छापील अक्षर

श्रुतज्ञान आपल्यापर्यंत पोहोचले ते साधू-साध्वींच्या मुखपाठामुळे आणि लेखनिकांच्या बोरूमुळे. ज्ञानाचाराच्या आठ अंगांत ‘व्यंजन’ हे स्वतंत्र अंग मानले आहे. सूत्रातील अक्षर जसे आहे तसेच वाचणे व उच्चारणे, हीदेखील साधनाच होय. म्हणून धार्मिक पुस्तक कोणत्या वळणाच्या अक्षरात छापावे, हा केवळ सजावटीचा प्रश्न नाही.

सुंदर हस्तलेखनाचा वारसा आपल्या नगरला पूज्य श्री तिलोकऋषीजी महाराजांमुळे लाभला. त्यांच्या ‘ज्ञानकुंजर’ या चित्रकाव्यात अक्षरांतून हत्तीची आकृती साकारते. वि. सं. १९४० मध्ये त्यांनी अहमदनगर येथे देह ठेवला.

त्याच काळात मुंबईत हे हस्तवळण शिशाच्या खिळ्यांत उतरत होते. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी घडविलेली देवनागरी अक्षरे पुढे दीर्घकाळ आदर्श मानली गेली. आचार्य सोमदेवसूरींचे ‘यशस्तिलक’ याच छापखान्याच्या ‘काव्यमाला’ मालिकेतून प्रकाशित झाले.

या वळणाचे मर्म बोरूच्या तिरप्या टोकात आहे. हात वळला की रेषा जाडीकडून बारीकपणाकडे सरकते आणि तिच्या टोकाला तिरपा छेद राहतो. इंग्रजी पुस्तकी अक्षरांच्या टोकांना बारीक पाय असतात, त्यांना ‘सेरिफ’ म्हणतात. देवनागरीत तसे पाय नाहीत; येथे ओळ बांधून ठेवते ती शिरोरेषा आणि कलमाची खूण जपते ती जाड-बारीक रेषा. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ मात्र वेगळे ओळखू येतात ते मुख्यतः ‘ध’ व ‘भ’ यांच्या तुटक शिरोरेषेमुळे. प्रतिक्रमण, स्तोत्रे, आगम अशा दीर्घ वाचनाला हे अक्षर मानवते. दुरून वाचायच्या फलकांना आणि ठळक सूचनांना मात्र एकसारख्या जाडीचे अक्षर अधिक सोयीचे ठरते.

प्राकृत पाठाची खरी कसोटी जोडाक्षरांत लागते. ‘सिद्धाणं’ऐवजी ‘सिध्दाणं’ असे छापलेले आपण अनेकदा पाहतो. येथे द आणि ध यांचा क्रमच उलटतो. ‘उवज्झायाणं’, ‘पच्चक्खाण’ या शब्दांतील जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडली, तर नवशिक्या बालकाची जीभ तेथेच अडखळते. अनुस्वाराचा ठिपका शाईत बुजला, तर तोही वाचनातून गळतो.

आज पारंपरिक वळणाचे ‘यशोमुद्रा’ आणि संस्कृत ग्रंथांसाठी मुंबईच्या आय.आय.टी.त सिद्ध झालेले ‘शोभिका’ हे संगणकीय टंक उपलब्ध आहेत. तपश्चर्येच्या प्रसंगी अनेक कुटुंबे स्तोत्रपुस्तिका छापून वाटतात. त्यांनी छपाईपूर्वी एक पान प्रत्यक्ष आकारात, प्रत्यक्ष कागदावर काढून घ्यावे. ते घरातील आजी-आजोबांकडून आणि पाठशाळेतील एखाद्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. दोघांनाही ते न अडखळता वाचता आले, तर अक्षराची निवड योग्य झाली असे समजावे. प्रभावना म्हणून दिलेल्या पुस्तिकेचे सार्थक तिच्या शुद्ध पठणात आहे.