पावसाळा वगळून

रत्नागिरीचा विमानतळ सड्यावर आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ सड्यावरच आहे. गोव्यातल्या मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं, तोही पठारावरच. यात नवल काही नाही. कोकणात खाली खाडी नि भातखाचरं, मध्ये उतारावर वाड्या आणि आंब्या-काजूच्या बागा. मोकळी, सपाट जागा म्हणाल तर वर पसरलेला जांभ्याचा कातळ, म्हणजेच सडा. तिथे घरं नाहीत, नांगर चालत नाही आणि सातबाऱ्यावर बराचसा पोटखराबा. प्रकल्प आखणाऱ्याला याहून सोयीची जमीन मिळायची नाही.

मे महिन्यात सड्यावर उभं राहिलं तर त्याचं म्हणणं पटतंही. काळा पडलेला कातळ, वाळलेल्या गवताची कुसळं आणि पाय भाजणारं ऊन. पण पहिले पाऊस पडले की कातळाच्या भेगांतून दीपकाडीचे पांढरे तुरे वर येतात. ही वनस्पती कोकणाबाहेर सापडत नाही. जुलैत कातळावरच्या उथळ खळग्यांत पाणी साचतं आणि त्यात गेंद फुलतो. शेजारी सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं असतात. हे नाजूक रोप मांसाहारी आहे. इथली माती बोटभर जाडीची, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडणारा पाऊस तिच्यातलं नत्र धुऊन नेतो. मग रोपाने ते मिळवायचं कुठून? त्याच्या जमिनीतल्या भागावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसाला लागला, की झडप उघडते आणि तो क्षणार्धात आत ओढला जातो. दवबिंदू ही वनस्पती हेच काम पानांवरच्या चिकट थेंबांनी करते. सड्यावरच्या एका गेंदाचं शास्त्रीय नाव एरिओकॉलॉन रत्नागिरीकम, तर एका गवताचं ग्लायफोक्लोआ रत्नागिरिका. जिल्ह्याचं नाव वनस्पतिशास्त्रात गेलंय ते या पोटखराब्यामुळे.

हे सडे म्हणजे जीवशास्त्राच्या हिशेबाने बेटंच. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ मध्ये मांडलेला बेटांचा सिद्धांत सांगतो, की बेट जितकं लहान आणि एकटं, तितक्या तिथे जाती कमी टिकतात आणि संपलेल्या जातीची जागा भरून निघायला वेळ लागतो. त्यासाठी भोवती समुद्रच हवा असं नाही. कातळावरच्या गेंदाला शेजारच्या सड्यावर जायचं तर मध्ये जंगल, वाडी, बाग, खाडी आडवी येते आणि तिथे त्याचं बी रुजत नाही. सडा रस्त्याने दुभंगला की एका बेटाची दोन लहान बेटं होतात.

खऱ्या बेटांवरही विमानतळ अशीच जागा शोधतो. दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना रत्नागिरीकरांना परकं वाटू नये. इंग्रजांनी नेपोलियनला तिथे ठेवलं आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इथे, दोन्ही ठिकाणी कारण एकच, की पळून जायला वाट नाही! त्या बेटावर नियमित विमानसेवा २०१७ मध्ये सुरू झाली. डोंगराळ बेटावर धावपट्टीसाठी जागा सापडली ती प्रॉस्परस बे प्लेन या कोरड्या माळावर. जगात दुसरीकडे कुठेच नसलेले कोळी आणि किडे नेमके त्याच माळावर राहतात, आणि चिखल्याच्या कुळातला, फक्त त्या बेटावरचा वायरबर्डही तिथे वावरतो. धावपट्टी पुरेना म्हणून शेजारची एक घळ लाखो घनमीटर दगडाने भरून काढावी लागली.

धावपट्टीखाली किती जागा गेली हा हिशेब सोपा असतो. सड्यावर खरी गडबड पाण्याची होते. पावसात इथलं पाणी ओढ्यातून नव्हे, कातळावरून पातळ थराने सरकत जातं. भराव घालून केलेला रस्ता त्याला बांधासारखा अडवतो. वरच्या अंगाला तळं होतं, खालच्या अंगाचे खळगे कोरडे पडतात. चार बोटं खोल पाण्यात वाढणारी वनस्पती दोन्हीकडून जाते. भरावाची माती बाहेरून येते, तिच्याबरोबर रानमोडीचं बी येतं. कातळावर जिला थारा नव्हता ती रानमोडी रस्त्याच्या कडेने आत शिरते.

उरलेलं पाणी खाली उतरतं. लाखो वर्षांच्या पावसाने बेसॉल्टमधली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. वरून टणक, पण आतून छिद्रांचा. त्याच्याखाली पिवळट-पांढऱ्या चिकणमातीचा मऊ थर असतो. जांभ्यातून झिरपलेलं पाणी या थरावर अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या, विहिरींच्या रूपाने वाडीला मिळतं. वरचा कातळ डांबर-काँक्रीटने झाकला की पाणी मुरण्याऐवजी गटारातून वाहून जातं. कडेला डोंगर उभा कापला तर तो मऊ थरच उघडा पडतो आणि पावसात भिजून खाली येतो. महामार्गाच्या चौपदरीकरणात परशुराम घाटात दरडी का कोसळत राहिल्या, याच्या उत्तरात उभ्या कापणीला आणि पाण्याने भिजणाऱ्या मातीला मोठी जागा आहे.

सड्यांचा घास फक्त रस्ते घेतात असं नाही. चिऱ्याच्या खाणी आहेत, कातळात सुरुंग लावून, माती भरून केलेल्या कलमांच्या बागा आहेत, आणि त्या बागा आपल्याच आहेत.

हे सगळं आधी तपासायची सोय कायद्यात आहे. पण पर्यावरण आघात अहवालासाठी एका हंगामाची नोंद, तीही पावसाळा वगळून, पुरेशी धरायची अशी आपली जुनी रीत. हवा नि धूळ मोजायला ती ठीक असेल. सड्याचं सारं आयुष्य जून ते ऑक्टोबरमध्ये आटपतं, आणि फेब्रुवारीत आलेला सर्वेक्षक प्रामाणिकपणेच लिहून जातो, की इथे काही नाही. मोपाच्या बाबतीत अर्जातली माहिती अपुरी असल्याचं सांगत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण मंजुरी रोखून फेरविचार करायला लावला. जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठवली. अटींच्या पालनावर देखरेख नीरी या संस्थेकडे दिली.

बांधायचंच असेल तर करण्यासारखं बरंच आहे. रस्ता सड्याच्या मधून न नेता कडेने न्यावा. भराव कमी, मोऱ्या जवळजवळ, आणि त्या कातळाच्याच पातळीवर, म्हणजे पाण्याचा थर अडणार नाही. भरावाला त्याच सड्याचा दगड, बाहेरची माती नको. काम सुरू होण्याआधी पायथ्याच्या विहिरींची पातळी मे अखेरीस मोजून ठेवावी आणि पुढची काही वर्षं मोजत राहावी. याला मोठी यंत्रणा लागत नाही, दोर आणि वही पुरते. वनस्पतींची पाहणी मात्र भर जुलैत, छत्री घेऊन.