कांद्याचा भाव आणि अर्थशास्त्रज्ञांचा हिशेब

नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव कोसळला की शेतकरी सरकारला बोल लावतो आणि शहरात तो चढला की ग्राहक व्यापाऱ्यावर तोंडसुख घेतो. परंतु ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यातबंदी लागू होऊन लिलाव थबकले, तेव्हा अशा बंदीचा बोजा अखेर उत्पादकावरच पडतो, हे अर्थशास्त्रज्ञांचे जुने प्रतिपादन कांदाचाळीत माल साठवून बसलेल्या शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष प्रत्ययास आले. पुढे २०२४ साली, ग्राहकाने मोजलेल्या रुपयापैकी सुमारे ३६ पैसेच कांदा उत्पादकाच्या पदरी पडतात, असा हिशेब रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधाने मांडला, आणि साठवण, वाहतूक व विक्रीव्यवस्था यांचा प्रश्न ठळक झाला. तज्ज्ञांचे मत म्हणजे न्यायालयाचा निवाडा नव्हे. मात्र त्यांचे आकडे तपासल्यावाचून कोणाविरुद्धही फिर्याद गुदरणे सुजाण नागरिकास शोभत नाही.