जुन्या होडीचा डेक : आधी उघडा, मग भाव बोला

कोकणच्या खाड्यांच्या काठी पावसाळा आला की होड्या वर ओढल्या जातात. रत्नागिरीचा राजिवडा घ्या की बाणकोट, सगळीकडे हेच चित्र. फायबरच्या होड्या आल्यापासून नवी लाकडी होडी बांधून घेणारे कमी झाले, पण जुनी होडी दुरुस्त करून घेणारे गिऱ्हाईक अजून आहे. या कामात मिस्त्रीची मजुरी कुठे बुडते, ते सांगणारा एक प्रसंग आम्ही जवळून पाहिला.

एका व्यापाऱ्याने १८ फुटी जुनी मशीनची होडी घेतली. पाठीमागचा डेक कुजला होता. वयस्क मिस्त्रींनी वरून पाहून उक्ता भाव सांगितला आणि विसार घेतला. फळ्या उकलल्या तेव्हा खरी गोष्ट दिसली. डेकखालच्या आडव्या तुळयांची टोके भुसभुशीत झाली होती. ज्या पाठफळीवर आऊटबोर्ड मशीन बसते, तिच्यात टोचा दोन बोटे आत गेला. काम दुप्पट झाले. मालक म्हणाला, "चाचा, ठरलं ते ठरलं."

लाकूड खाऱ्या पाण्याने कुजते, असा अनेकांचा समज आहे. खरा शत्रू पावसाचे गोडे पाणी. ते सांध्यात साचते, खाली हवा फिरत नाही, लाकूड ओले राहते आणि बुरशी धरते. या होडीचा डेक सपाट होता आणि पाणी निघायला वाटच नव्हती. लोखंडी खिळे गंजून फुगले आणि फळ्यांना चिरा गेल्या.

मिस्त्रींनी नवा डेक कसा केला, ते कारागीर बांधवांनी ध्यानात घ्यावे. आधी पाठफळी बदलली आणि दोन्ही बाजूंना लाकडी कोन्या देऊन ती पक्की केली, कारण मशीनचा सारा रेटा तिच्यावर येतो. नव्या तुळयांना मध्ये उंचवटा दिला. होडीच्या रुंदीच्या दर फुटाला पाव इंच असा हिशेब धरला. रुंदी पाच फूट, म्हणून मध्ये सव्वा इंच. पाणी आपोआप कडेला जाते. पुठ्ठ्याचा साचा कापून तो जागेवर बसवून पाहिला आणि मगच प्लाय कापला.

प्लायच्या बाबतीत मालकाला साधा माल हवा होता. मिस्त्री अडून बसले. मरीन प्लायवर आय. एस. ७१० हा शिक्का असतो, आणि त्या प्रतीच्या मालाचे थर ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही सुटता कामा नयेत. शंका असेल तर एक तुकडा घरी उकळून पाहावा. प्लाय कडेनेच जास्त पाणी पितो, म्हणून प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक रेझिनने बंद केले. खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले.

डेकखाली पेट्रोलची टाकी होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसते आणि एका ठिणगीने भडका उडतो. म्हणून तळापर्यंत जाणारी हवेची नळी ठेवली, आणि हात घालून टाकी तपासता येईल असे झाकण केले.

शेवटी पैशाचे काय झाले? मिस्त्रींनी कुजलेले तुकडे फेकले नव्हते. ते मालकापुढे मांडले. मालकाने टोचा स्वतः घालून पाहिला आणि काही वेळ गप्प राहिला. वाढीव लाकडाचा खर्च त्याने दिला, वाढीव मजुरी दोघांनी निम्मी निम्मी सोसली. मिस्त्रींचे नुकसान झाले, पण गिऱ्हाईक राहिले.

आमचे सांगणे एवढेच. जुन्या होडीचा उक्ता भाव वरून पाहून कधी सांगू नका. उघडून पाहण्याची मजुरी वेगळी घ्या. तुळया, पाठफळी आणि कोपरे टोच्याने तपासा, आणि मगच भाव कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. आत आणखी बिघाड निघाल्यास दर काय, तेही त्याच कागदावर असावे. मालकांनीही हा कागद अविश्वास समजू नये. जो मिस्त्री आधी उघडून दाखवतो, तोच तुमची होडी आणि तिच्यावरची माणसे सांभाळतो.