काळ्या काचेतून लोणीचा ऊस

लोणी काळभोरचा ऊस मी डिजिटल कॅमेऱ्याला इन्फ्रारेड फिल्टर लावून टिपायला लागलो, त्याला आता दोन दशकं होत आली. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं हे गाव तेव्हा नव्या मुठा कालव्यापासून मुळा-मुठेच्या काठापर्यंत हिरवंगार दिसे, आणि माझ्या फोटोत तितकंच पांढरंशुभ्र. ते पांढरं वर्षागणिक कसं तुटत गेलं, हे या फोटोंइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कशातच दिसलेलं नाही.

पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं, पण त्यापलीकडच्या अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाशाला अडवत नाही. तो पानाच्या आत पेशींमधल्या पोकळ्यांवर आपटत फिरतो आणि त्यातला बराचसा परत बाहेर पडतो. पाणी मात्र तो गिळून टाकतं. म्हणून इथल्या रामदऱ्याच्या तळ्याचं पाणी या फोटोत काळं येतं आणि काठचे माड चांदीसारखे उजळतात. हा प्रकाश विल्यम हर्शेल यांना १८०० साली सापडला. रॉबर्ट वुड यांनी १९१०मध्ये अशी निसर्गचित्रं प्रसिद्ध केली. पानांच्या या उजळपणाला फोटोग्राफर अजून ‘वुड इफेक्ट’च म्हणतात.

माझा फिल्टर होया आर७२. ७२० नॅनोमीटरच्या अलीकडचं जवळजवळ सगळं तो अडवतो, त्यामुळे नुसत्या नजरेला ती काळी काचच. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला अवरक्त प्रकाश छान दिसतो, पण नेहमीच्या फोटोंचे रंग बिघडू नयेत म्हणून कंपन्या त्याच्यापुढे तो अडवणारी काच बसवतात. तिच्यातून जे झिरपेल त्यावरच आपण भागवायचं. २००४च्या निकॉन डी७०मधून बरंच झिरपे, पुढच्या कॅमेऱ्यांत ही काच कडक होत गेली. आपल्या कॅमेऱ्यातून किती झिरपतं ते पाहायचं असेल तर टीव्हीचा रिमोट समोर धरून बटण दाबावं. पडद्यावर ठिपका ठळक चमकला, तर तो कॅमेरा कामाचा.

कालव्याच्या भरावावर ट्रायपॉड रोवायचा, आधी फ्रेम आणि फोकस पक्के करायचे, मग फिल्टर चढवायचा, कारण नंतर काहीच दिसत नाही. व्हाइट बॅलन्स उन्हातल्या पानांवर घ्यायचा. शटर कितीतरी सेकंद उघडं राहतं. तेवढ्यात वाऱ्यावर उसाची पाती हलतात आणि शेतावर पांढरा धूर पसरल्यासारखा फोटो येतो. खालची खोडं, बांध, विजेचा खांब मात्र रेखीव. आतली काच काढून घेतलेल्या कॅमेऱ्याने हातात धरूनही फोटो काढता येतो, पातं न् पातं सुटं दिसतं. मला तो ऊस थिजल्यासारखा वाटतो. फोटोतल्या लाल-निळ्या रंगांची अदलाबदल करून आकाश निळं करण्याची पद्धतही मी सोडली. इथे काळं-पांढरंच पुरतं.

या तंत्राचा पुण्याशी जुना धागा आहे. इथल्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशरोटी यांनी १९७०मध्ये केरळातल्या नारळांवरचा रोग हेलिकॉप्टरमधून, हॅसलब्लॅड कॅमेऱ्यात अवरक्त फिल्म घालून टिपला. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात त्या प्रयोगापासून मानतात. १९८८च्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या कॅमेऱ्यांतही अवरक्त पट्टा होताच. पिकांची पाहणी आजही त्याच्याच आधाराने चालते. शेताच्या बांधावरून मी पाहतो तेच उपग्रह वरून पाहतात, हे मला मोठं समाधानाचं वाटतं.

सुरुवातीच्या फोटोंत थेऊरच्या यशवंत कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या आहेत. तो बंद पडला, ऊस लांबच्या कारखान्यांना जाऊ लागला. पांढऱ्यात राखाडी चौकोन उगवू लागले: प्लॉटिंगचे रस्ते, गोदामं, इमारती. राज कपूर यांचा मळा होता तिथे आता विद्यापीठ आहे, पण तिथल्या झाडांनी फोटोतला पांढरा पट्टा बराचसा राखला आहे.

सगळ्यांत जास्त मी थांबतो ते नदीच्या फोटोंपाशी. पावसाळ्यानंतरच्या फोटोत मुळा-मुठा काळी, काठ पांढरे. उन्हाळ्यातल्या फोटोंत नदीच सापडत नाही. शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी काठाला काठ भिडवून पसरते आणि पाण्याच्या जागी शेताइतकाच पांढरा पट्टा उमटतो. साध्या रंगीत फोटोत तिचा हिरवेपणा डोळ्याला फसवतो, प्रसन्नही वाटतो. इथे मात्र पाणी झाकलं गेल्याचं लगेच कळतं, कारण काळं उरलेलंच नसतं.

आता मी ठरवून दरवर्षी त्याच भरावावरून, त्याच लेन्सने, ऑक्टोबरात आणि मे महिन्यात, टळटळीत दुपारी फोटो काढतो. नेहमीचे निसर्गचित्रवाले टाळतात तेच ऊन इथे लागतं. रॉ फाइलवर तारीख आणि वेळ लिहून ठेवतो. ज्यांच्या कपाटात जुना डिजिटल कॅमेरा पडून आहे, त्यांनी उरुळी, थेऊर, कुंजीरवाडीच्या बांधांवरून हेच सुरू करावं. नदीचा पुढचा पट्टा मला एकट्याला पुरा होणारा नाही.